लिबएक्सएमएल२

लिबएक्सएमएल२ ही एक्सएमएल आणि एचटीएमएल या संरचित दस्तऐवजांचे वाचन, तपासणी, शोध व लेखन करणारी मुक्त-स्रोत संगणकीय लायब्ररी आहे. ती सी या भाषेत लिहिलेली असून एमआयटी परवान्याखाली वितरित केली जाते. ग्नोम प्रकल्पासाठी डॅनियल व्हेलार्ड यांनी तिची निर्मिती केली. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत ती उपलब्ध असते. पीएचपी, पायथन, रुबी, पर्ल अशा भाषांतील अनेक साधने एक्सएमएल वाचण्याचे काम तिच्यावर सोपवतात.

सामान्य वापरकर्त्याला ही लायब्ररी सहसा तयार पॅकेजच्या रूपात मिळते. मात्र स्रोत संहितेपासून तिची बांधणी करताना जे पर्याय निवडले जातात, त्यांवरून ती कोणते वर्णसंकेतन वाचू शकेल, कोणत्या सुविधा देईल व किती जागा व्यापेल हे ठरते. देवनागरीतील नोंदी हाताळणाऱ्यांच्या दृष्टीने हे पर्याय विशेष महत्त्वाचे आहेत. या लेखातील उदाहरणे परभणी जिल्ह्याच्या माहितीवर बेतलेली आहेत. आज्ञा व पर्यायांची नावे येथे देवनागरीत दिली असली तरी संगणकावर ती रोमन लिपीतच टंकित करावी लागतात.

## संरचित दस्तऐवज व पार्सर

साध्या मजकुरात 'परभणी' हा शब्द आला, तर तो जिल्हा आहे, तालुका आहे की शहर, हे माणसाला संदर्भावरून कळते; संगणकाला कळत नाही. एक्सएमएलमध्ये मजकुराभोवती खुणा, म्हणजे टॅग, लावून त्याचे स्वरूप स्पष्ट केले जाते. एक्सएमएल १.० ही शिफारस वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध केली. तिची मुळे १९८६ च्या एसजीएमएल या आंतरराष्ट्रीय प्रमाणात आहेत.

एक्सएमएलमध्ये टॅगची नावे देवनागरीतही देता येतात. पुढील दस्तऐवज त्यामुळे पूर्णपणे नियमांना धरून आहे:

<जिल्हा नाव="परभणी">
  <तालुका>परभणी</तालुका>
  <तालुका>गंगाखेड</तालुका>
  <तालुका>सोनपेठ</तालुका>
  <तालुका>पाथरी</तालुका>
  <तालुका>मानवत</तालुका>
  <तालुका>सेलू</तालुका>
  <तालुका>पूर्णा</तालुका>
  <तालुका>पालम</तालुका>
  <तालुका>जिंतूर</तालुका>
</जिल्हा>

असा मजकूर अक्षर-अक्षर वाचून त्यातील घटक, गुणधर्म व मजकूर वेगळे करणाऱ्या आज्ञावलीला पार्सर म्हणतात. उघडलेला प्रत्येक टॅग योग्य ठिकाणी बंद झाला आहे का, गुणधर्माची किंमत अवतरणचिन्हांत आहे का, सर्वांत बाहेरचा घटक एकच आहे का, हे पार्सर तपासतो. या नियमांत बसणाऱ्या दस्तऐवजाला 'सुरचित' म्हणतात. 'वैध' ही त्यापुढची पायरी होय. एखाद्या आराखड्यात 'परभणी जिल्ह्याखाली नऊ तालुके असावेत' असा नियम घातला, तर १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होण्यापूर्वीची, हिंगोली, कळमनुरी व बसमत यांचा समावेश असलेली यादी सुरचित राहील, पण या आराखड्यानुसार वैध ठरणार नाही.

## इतिहास

डॅनियल व्हेलार्ड हे वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियममध्ये काम केलेले संगणकतज्ज्ञ असून पुढे ते रेड हॅट या कंपनीत रुजू झाले. एक्सएमएल नव्याने प्रमाणित होत असताना त्यांनी ग्नोम या मुक्त डेस्कटॉप प्रकल्पासाठी पार्सरचे काम हाती घेतले. पहिल्या आवृत्तीतील उणिवा दूर करताना तिचा प्रोग्रामिंग आंतरपृष्ठ मोठ्या प्रमाणावर बदलावा लागला. त्यामुळे २००० मध्ये दुसरी पिढी 'लिबएक्सएमएल२' या वेगळ्या नावाने पुढे आली. नावातील २ हा अंक तेव्हापासून नावाचाच भाग आहे.

एक्सएसएलटी रूपांतरणासाठीची लिबएक्सएसएलटी ही जोडलायब्ररीही त्याच प्रकल्पात वाढली. पुढील काळात निक वेल्नहोफर यांनी लिबएक्सएमएल२ च्या देखभालीचा मोठा भार उचलला. मार्च २०२५ मध्ये आलेल्या २.१४ या आवृत्तीत जुन्या आवृत्त्यांशी असलेली द्विमान सुसंगतता सोडण्यात आली आणि सामायिक लायब्ररीचा क्रमांक २ वरून १६ झाला.

## वाचनाच्या पद्धती

लायब्ररी दस्तऐवज तीन प्रमुख प्रकारे वाचते.

वृक्ष पद्धतीत संपूर्ण दस्तऐवज स्मृतीत घेऊन त्याचा वृक्ष तयार केला जातो. वरील उदाहरणात 'जिल्हा' हे मूळ आणि नऊ 'तालुका' ही त्याची अपत्ये होत. वृक्षात कोठेही मागे-पुढे जाता येते. मात्र त्यासाठी लागणारी स्मृती मूळ फाइलीच्या आकाराच्या कित्येक पट असू शकते.

सॅक्स पद्धतीत वृक्ष तयार होत नाही. घटक सुरू झाला, मजकूर आला, घटक संपला, अशा प्रत्येक घटनेची सूचना पार्सर वापरकर्त्याच्या आज्ञावलीला देत पुढे जातो. स्मृती कमी लागते. पण आपण दस्तऐवजात कोठे आहोत याची नोंद प्रोग्रामरला स्वतः ठेवावी लागते.

रीडर पद्धत या दोहोंच्या मधली आहे. येथे आज्ञावली स्वतः 'पुढचा घटक दे' अशी मागणी करत दस्तऐवजातून पुढे सरकते. मराठी विकिपीडियाच्या सर्व लेखांचा संग्रह एक्सएमएल स्वरूपात उतरवून घेता येतो. त्यातून फक्त परभणी जिल्ह्याशी संबंधित लेख निवडायचे असतील, तर संपूर्ण संग्रहाचा वृक्ष करण्याऐवजी रीडर वापरणे योग्य ठरते. कमी स्मृतीच्या संगणकावरही ते काम होऊ शकते.

यांशिवाय एक्सपाथ शोध, एक्सइन्क्लूड, रिलॅक्स एनजी व एक्सएमएल स्किमा यांनुसार तपासणी आणि एचटीएमएलचे वाचन या सुविधाही लायब्ररीत आहेत. वरील दस्तऐवजातील सर्व तालुके मिळवण्यासाठी '/जिल्हा/तालुका' एवढी एक्सपाथ अभिव्यक्ती पुरते.

## तयार पॅकेजमधून स्थापना

बहुतेकांसाठी वितरणाचे तयार पॅकेज हाच योग्य मार्ग आहे. डेबियन व उबुंटू यांत लायब्ररीचे तीन भाग वेगवेगळ्या पॅकेजांत ठेवलेले असतात:

- मूळ लायब्ररी : आधीच बांधलेल्या आज्ञावली चालवण्यासाठी एवढीच पुरते. अनेक संगणकांवर ती आधीपासून असते.
- विकासक पॅकेज : याच्या नावाच्या शेवटी 'डेव्ह' असते. सी भाषेत नवी आज्ञावली लिहून ती लायब्ररीशी जोडायची असेल तर लागणाऱ्या हेडर फाइली यात असतात.
- साधनांचे पॅकेज : यात एक्सएमएललिंट हे टर्मिनलवरून वापरायचे साधन मिळते.

फेडोरा व तत्सम वितरणांत विकासक पॅकेजच्या शेवटी 'डेव्हल' असते. मॅकओएसमध्ये लायब्ररी प्रणालीसोबतच येते. नवी आवृत्ती हवी असल्यास होमब्रू वापरता येते.

'लायब्ररी स्थापित आहे, तरी हेडर फाइल सापडत नाही' अशी तक्रार नवशिक्यांकडून नेहमी होते. तिचे कारण बहुधा विकासक पॅकेज नसणे हे असते. दुसरे कारण फाइलींच्या जागेत आहे. लिबएक्सएमएल२ च्या हेडर फाइली थेट 'इन्क्लूड' निर्देशिकेत नसून तिच्या आतील 'लिबएक्सएमएल२' या उपनिर्देशिकेत असतात. त्यामुळे कंपायलरला तो मार्ग वेगळा सांगावा लागतो. पीकेजी-कॉन्फिग हे साधन लायब्ररीच्या नावावरून योग्य मार्ग व जोडणीचे पर्याय स्वतः पुरवते. म्हणून मार्ग हाताने लिहिण्यापेक्षा त्याचा वापर करणे श्रेयस्कर मानले जाते.

## स्रोत संहितेपासून बांधणी

वितरणातील आवृत्ती जुनी असणे, विशिष्ट सुविधा हवी किंवा नको असणे, लहान उपकरणासाठी छोटी लायब्ररी लागणे, किंवा लायब्ररीच्या अंतर्गत कार्याचा अभ्यास करणे, अशा कारणांसाठी स्वतः बांधणी केली जाते. स्रोत संहिता ग्नोमच्या संकेतस्थळावर संक्षेपित संग्रहाच्या रूपात मिळते. हा संग्रह काही मेगाबाइटचाच असतो. परवाना प्रती करण्यास मुभा देत असल्याने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो एकदाच उतरवून पेन ड्राइव्हने सर्व संगणकांवर नेता येतो. संग्रहासोबत प्रसिद्ध होणाऱ्या शा-२५६ या तपासणी-मूल्याशी उतरवलेल्या फाइलीचे मूल्य जुळते का, हे आधी पाहावे. उतरवताना फाइल खराब झाली असेल तर ते त्यातून लगेच कळते.

बांधणीचे टप्पे पुढीलप्रमाणे आहेत.

१. पूर्वतयारी. सी कंपायलर आणि मेक हे साधन आवश्यक असते. गिट भांडारातून थेट संहिता घेतल्यास ऑटोकॉन्फ, ऑटोमेक व लिबटूल हेही लागतात, कारण तेथे कॉन्फिगर ही पटकथा तयार नसते. ती ऑटोजेन या पटकथेने तयार करावी लागते.

२. संरूपण. कॉन्फिगर ही पटकथा चालवल्यावर ती संगणकात कोणता कंपायलर व कोणत्या पूरक लायब्ररी आहेत हे शोधते आणि निवडलेल्या पर्यायांनुसार मेकफाइल तयार करते. येथेच 'प्रीफिक्स' या पर्यायाने स्थापनेची जागा ठरते. ती न सांगितल्यास 'यूएसआर' खालील 'लोकल' ही निर्देशिका गृहीत धरली जाते.

३. संकलन. मेक ही आज्ञा दिल्यावर सी भाषेतील फाइलींचे यंत्रसंहितेत रूपांतर होते आणि त्यांच्या जोडणीतून सामायिक लायब्ररी तयार होते. आधुनिक संगणकावर हे काम थोड्या मिनिटांत आटोपते.

४. चाचणी. 'मेक चेक' या आज्ञेने लायब्ररीसोबत दिलेल्या चाचण्या चालतात. हा टप्पा अनेकदा गाळला जातो. परंतु या संगणकावर, या पर्यायांसह झालेली बांधणी बरोबर आहे याचा पुरावा त्यातूनच मिळतो.

५. स्थापना. 'मेक इन्स्टॉल' ही आज्ञा तयार फाइली ठरलेल्या जागी नेऊन ठेवते. सामायिक निर्देशिकेत लिहिण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. ते नसलेल्या विद्यार्थ्याला प्रीफिक्स म्हणून स्वतःच्या होम निर्देशिकेतील जागा देता येते.

लिनक्सवर स्थापनेनंतर एलडीकॉन्फिग ही आज्ञा चालवावी लागते. लायब्ररी कोठे आहेत याची जी सूची प्रणाली बाळगते, ती या आज्ञेने अद्ययावत होते. तसे न केल्यास लायब्ररी जागेवर असूनही ती सापडत नसल्याची तक्रार आज्ञावली करते. होम निर्देशिकेत स्थापना केली असेल तर तो मार्ग परिसर-चलाद्वारे वेगळा कळवावा लागतो.

वरील ऑटोटूल्स पद्धतीखेरीज सीमेक आणि अलीकडच्या आवृत्त्यांत मेसन यांद्वारेही बांधणी करता येते. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओसह बांधणी करताना सीमेक सोयीचे ठरते.

स्वतः बांधलेली लायब्ररी वितरणाने दिलेल्या लायब्ररीच्या जागी ठेवू नये. प्रणालीतील अनेक साधने मूळ आवृत्तीवर अवलंबून असतात. ती बदलल्यास परस्पर संबंध नसलेली अनेक साधने एकाच वेळी बंद पडू शकतात. दोन्ही आवृत्त्या वेगळ्या निर्देशिकांत सुखेनैव नांदू शकतात.

## बांधणीचे पर्याय

संरूपणाच्या वेळी सुविधा समाविष्ट करण्यासाठी 'विथ' आणि वगळण्यासाठी 'विदाउट' या शब्दांनी सुरू होणारे पर्याय दिले जातात. त्यांपैकी काही महत्त्वाचे पर्याय असे:

- आयकॉन्व्ह : विविध वर्णसंकेतनांचे यूटीएफ-८ मध्ये रूपांतर करणारी व्यवस्था. ती वगळल्यास यूटीएफ-८, यूटीएफ-१६, आस्की व आयएसओ ८८५९-१ अशी मोजकी अंगभूत संकेतनेच वाचता येतात.
- आयसीयू : युनिकोडची विस्तृत लायब्ररी. आयकॉन्व्हला पर्याय म्हणून ती जोडता येते. तिच्यात इस्की या भारतीय प्रमाणाचे रूपांतरकही आहेत.
- झेडलिब : संक्षेपित फाइली थेट वाचण्याची सोय. अलीकडच्या आवृत्त्यांत ती आपोआप समाविष्ट होत नाही.
- पायथन : पायथन भाषेसाठीचे जुने दुवे. पायथनमध्ये एलएक्सएमएल हे स्वतंत्र पॅकेज अधिक प्रचलित असल्याने ते बहुधा लागत नाहीत.
- मिनिमम : जवळपास सर्व ऐच्छिक सुविधा वगळून लहानात लहान लायब्ररी बांधणे. लहान उपकरणांसाठी हा पर्याय उपयोगी आहे.

बांधणीत एखादी सुविधा वगळली, तर तिची उणीव बांधताना नव्हे, वापरताना जाणवते. लायब्ररी कोणत्या सुविधांसह बांधली आहे याची यादी एक्सएमएललिंटला आवृत्ती विचारल्यावर मिळते. अडचणीच्या वेळी प्रथम ही यादी पाहावी.

## मराठी दस्तऐवज हाताळताना

### वर्णसंकेतन

लिबएक्सएमएल२ मजकूर आतमध्ये नेहमी यूटीएफ-८ स्वरूपात ठेवते. या संकेतनात देवनागरीचे प्रत्येक युनिकोड चिन्ह तीन बाइट घेते. 'परभणी' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. युनिकोडनुसार त्यात प, र, भ, ण आणि दीर्घ ईची मात्रा अशी पाच चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये तो १५ बाइटचा होतो. सी भाषेतील नेहमीचे लांबी मोजणारे फलन १५ हे उत्तर देते, तर लायब्ररीचे यूटीएफ-८ साठीचे फलन ५ देते. बाइट मोजून शब्द मध्येच तोडल्यास अक्षर अर्धवट राहते आणि पुढील वाचनात पार्सर दोष दाखवतो.

दस्तऐवजाच्या पहिल्या ओळीत संकेतनाची घोषणा असते. ती नसल्यास, व आरंभी यूटीएफ-१६ ची खूण नसल्यास, यूटीएफ-८ गृहीत धरले जाते. घोषणेच्या आधी एक रिकामी जागा किंवा रिकामी ओळ आली तरी ती चूक ठरते. घोषणा नसलेला मराठी दस्तऐवज लायब्ररीच्या अनेक आवृत्त्या व्यवस्थित वाचतात, पण परत लिहिताना प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक छापतात. 'प' च्या जागी २३४६ हा क्रमांक, षोडशमान रूपात, दिसू लागतो. माहिती त्यात नष्ट होत नाही. परंतु मराठी वाचकाला ती वाचता येत नाही. घोषणा लिहिणे किंवा लेखनाच्या वेळी यूटीएफ-८ स्पष्टपणे मागणे हा त्यावर उपाय आहे.

### युनिकोडपूर्व मजकूर

भारतीय लिप्यांसाठीचे इस्की हे प्रमाण भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने स्वीकारले. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्राच्या, म्हणजे सी-डॅकच्या, जिस्ट तंत्रज्ञानाने त्याचा प्रसार केला. युनिकोडमधील देवनागरी विभागाची मांडणीही इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली आहे. योग्य रूपांतरकासह बांधणी केली असेल तर इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो.

कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेल्या मजकुराची गोष्ट वेगळी आहे. त्यात प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे व चिन्हांचेच क्रमांक साठवलेले असतात. केवळ फॉन्टमुळे ते देवनागरीसारखे दिसतात. पार्सरच्या दृष्टीने असा दस्तऐवज निर्दोष असतो, कारण त्यात नियमभंग काहीच नसतो. मात्र त्यातून 'परभणी' शोधल्यास काहीही सापडत नाही. बांधणीचा कोणताही पर्याय हे दुरुस्त करू शकत नाही. त्या-त्या फॉन्टचा नकाशा वापरून मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो.

### अर्धा र आणि टॅगची नावे

मराठीतील 'ऱ्य', 'ऱ्ह' या जोडाक्षरांतील अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एका पद्धतीत ऱ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडतात. दुसऱ्या पद्धतीत र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह येते. 'शेतकऱ्याचे-नाव' असा टॅग दोन संगणकांवर दोन पद्धतींनी टंकित झाला, तर पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण पार्सरसाठी ती दोन भिन्न नावे असतात. एकाने उघडलेला टॅग दुसऱ्याने बंद होत नाही आणि दस्तऐवज सुरचित राहत नाही. लिबएक्सएमएल२ चिन्हांचे एकरूपीकरण स्वतःहून करत नाही.

शून्य रुंदीचे जोडचिन्ह टॅगच्या नावात चालते की नाही, हेही आवृत्तीवर अवलंबून आहे. एक्सएमएल १.० च्या आधीच्या आवृत्त्यांत नावांसाठी चालणाऱ्या चिन्हांची यादी अरुंद होती आणि तिच्यात हे चिन्ह नव्हते. नोव्हेंबर २००८ मधील पाचव्या आवृत्तीने त्याला मुभा दिली. लिबएक्सएमएल२ पाचव्या आवृत्तीचे नियम पाळते; जुने नियम लावण्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. निरनिराळ्या पार्सरांतून जाणाऱ्या दस्तऐवजात म्हणूनच टॅगची नावे साधी ठेवणे आणि अर्ध्या रासाठी सर्वत्र एकच पद्धत पाळणे इष्ट असते.

### देवनागरी अंक

एक्सपाथ १.० आणि एक्सएमएल स्किमा यांत संख्या म्हणून केवळ ० ते ९ चे रोमन अंक ओळखले जातात. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ होती. ही संख्या नोंदीत देवनागरी अंकांत लिहिली, तर वाचकाला ती समजते. पण एक्सपाथने बेरीज करताना 'संख्या नाही' असे उत्तर येते. रोमन अंकांतही मधले स्वल्पविराम चालत नाहीत. त्यामुळे गणनेसाठीची किंमत रोमन अंकांत, स्वल्पविरामाविना साठवून दाखवताना तिचे देवनागरीत रूपांतर करण्याची पद्धत सोयीची ठरते.

## उपयोग

लिब्रेऑफिसचे ओडीटी दस्तऐवज हे मुळात झिप संग्रहात बांधलेल्या एक्सएमएल फाइली असतात आणि त्यांच्या हाताळणीत लिबएक्सएमएल२ चा वापर होतो. पोस्टग्रेएसक्यूएल या विदागारातील एक्सएमएल प्रकार, पीएचपीमधील डॉम व सिंपलएक्सएमएल, पायथनमधील एलएक्सएमएल आणि रुबीमधील नोकोगिरी हेही तिच्यावर आधारलेले आहेत.

ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाची माहितीही एक्सएमएलमध्ये मिळते. तीत प्रत्येक बिंदूला अक्षांश, रेखांश व त्याच्या वर्णनाच्या खुणा असतात. मराठी नावासाठीच्या खुणेच्या शेवटी 'एमआर' हा मराठीचा भाषासंकेत जोडतात. त्यामुळे एका साध्या एक्सपाथ शोधाने जिल्ह्यातील कोणत्या गावांना नकाशावर मराठी नाव दिलेले नाही याची यादी काढता येते.

आपत्तीचे इशारे देण्यासाठी ओएसिस या संस्थेने प्रमाणित केलेला कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल हाही एक्सएमएलवर आधारित आहे. भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' ही प्रणाली या प्रमाणानुसार चालते. या स्वरूपाच्या संदेशात घटना, तिची तीव्रता, निकड, खात्री आणि क्षेत्र यांसाठी ठरावीक घटक असतात. अनेक भाषांतील मजकूर देण्यासाठी माहितीचा घटक पुन्हा पुन्हा योजता येतो व प्रत्येकाला भाषासंकेत असतो. भाषासंकेत नसल्यास तो मजकूर अमेरिकी इंग्रजीत असल्याचे मानले जाते. वीज पडण्याचा किंवा अतिवृष्टीचा इशारा मराठीत पोहोचवणाऱ्या आज्ञावलीने हा संकेत अचूक वाचणे आणि मजकुराचे संकेतन शाबूत राखणे आवश्यक ठरते. गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या काठची वस्ती आणि उघड्यावरील शेतीकाम असलेल्या परभणीसारख्या जिल्ह्यात अशा संदेशातील अक्षरे बिघडली, तर इशारा येऊनही तो न आल्यासारखाच होतो.

## सुरक्षा

बाहेरून आलेला दस्तऐवज वाचताना काही धोके संभवतात. एक्सएमएलमध्ये लघुरूपे, म्हणजे एन्टिटी, घोषित करता येतात. एका लघुरूपात दुसरी अनेक, त्यांत आणखी अनेक, अशी रचना करून काही ओळींची फाइल विस्ताराने संगणकाची सगळी स्मृती व्यापू शकते. बाह्य लघुरूपांच्या आधारे संगणकावरील खासगी फाइल वाचण्याचा प्रयत्नही होऊ शकतो.

लिबएक्सएमएल२ मध्ये अशा विस्तारावर मर्यादा घातलेल्या आहेत. एका सलग मजकुरालाही १ कोटी बाइटची मर्यादा असते. 'ह्यूज' हा पर्याय दिल्यास यांपैकी अनेक मर्यादा उठतात. म्हणून तो विश्वासू स्रोतापुरताच वापरावा. 'नोएंट' या पर्यायाचे नाव विशेष फसवे आहे. नावावरून तो लघुरूपे बंद करतो असे वाटते. प्रत्यक्षात तो त्यांच्या जागी त्यांचा मजकूर भरतो. अनोळखी दस्तऐवजासाठी हा पर्याय टाळावा आणि जाळ्यावरून फाइली आणण्यास मनाई करणारा 'नोनेट' हा पर्याय द्यावा.

अद्ययावतीकरणाची जबाबदारी स्थापनेच्या पद्धतीनुसार बदलते. वितरणाचे पॅकेज प्रणालीसोबत अद्ययावत होते. स्वतः बांधलेली लायब्ररी पुन्हा बांधेपर्यंत जुनीच राहते. एलएक्सएमएलसारख्या काही तयार पॅकेजांत लिबएक्सएमएल२ ची स्वतंत्र प्रत अंतर्भूत असते. प्रणालीतील लायब्ररी बदलली तरी ती प्रत बदलत नाही. त्यामुळे एकाच संगणकावर वेगवेगळ्या वयाच्या अनेक प्रती असू शकतात.

## देखभाल

जगभरातील मोठ्या कंपन्यांच्या उत्पादनांत वापरली जाणारी ही लायब्ररी दीर्घ काळ मोजक्या स्वयंसेवकांच्या श्रमावर चालत आली. सुरक्षाविषयक दोषांचे अहवाल तपासण्यात दर आठवड्याला बराच विनामोबदला वेळ जातो, अशी भूमिका मांडत निक वेल्नहोफर यांनी जून २०२५ मध्ये असे दोष गुप्त ठेवून ठरावीक मुदतीत सोडवण्याची प्रथा थांबवत असल्याचे जाहीर केले. सुरक्षादोषांनाही यापुढे इतर दोषांप्रमाणेच वागवले जाईल, असे त्यांनी स्पष्ट केले. त्याच वर्षी त्यांनी देखभालीच्या जबाबदारीतून निवृत्त होत असल्याचेही कळवले. या घटनेने मुक्त-स्रोत पायाभूत आज्ञावलींचा लाभ घेणारे आणि त्यांचा भार वाहणारे यांच्यातील तफावत चर्चेत आली.

मुक्त परवान्यामुळे स्रोत संहिता सर्वांना खुली राहते. तिची देखभाल मात्र ती समजणारी माणसे असतील तरच होते. स्रोतापासून बांधणी करणे, चाचण्या चालवणे आणि आढळलेला दोष लहानात लहान नमुन्यासह कळवणे, या मार्गाने विद्यार्थी अशा प्रकल्पात सहभागी होऊ शकतात. देवनागरी नावे, अर्धा र किंवा संकेतनाची सरमिसळ असलेले चाचणी-नमुने मराठी जाणणाऱ्यांनाच सहज तयार करता येतात. असे नमुने प्रकल्पाच्या चाचणीसंचात गेले, तर पुढील प्रत्येक आवृत्तीची बांधणी त्यांच्यावरही पारखली जाते.